दादाचा हात आणि लेझरचा सौदा

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात थरथरतो हे सगळ्यात आधी वहिनीला कळलं. बशीत ओतताना त्याचा चहा सांडला, दुसऱ्या दिवशीही सांडला. तिसऱ्या दिवसापासून तिनं बशी द्यायचीच बंद केली आणि पेला अर्धा भरून त्याच्यासमोर ठेवू लागली. मला तिनं हे पंधरा दिवसांनी सांगितलं, विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत, दादा आंघोळीला गेला होता तेव्हा.

"भाऊजी, यांच्या हातातली करवत काढा आता," ती म्हणाली. "आणि एकदा काढली की परत द्यायची नाही. एवढं मला कबूल करा."

मी कबूल केलं. तोवर आयुष्यात मी ज्या अडचणी पाहिल्या होत्या त्या पैसे टाकून, नाहीतर आवाज चढवून सुटणाऱ्या होत्या. हीसुद्धा तशीच सुटेल असं मला वाटलं.

आमचा धंदा अक्षरांचा. अ‍ॅक्रिलिकच्या शीटमधून अक्षरं कापायची, त्यांच्या कडा कानशीनं साफ करायच्या, पॉलिश करायची आणि दुकानांच्या, दवाखान्यांच्या, सोसायट्यांच्या पाट्यांवर बसवायची. ऐंशीच्या आसपास उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका दुकानाच्या फळीवर आम्ही सुरुवात केली. भाडं म्हणून त्या दुकानदाराची पाटी फुकट करून दिली होती. दादा आधी रंगानं पाट्या लिहायचा, म्हणून अक्षराचं वळण त्याच्या बोटांत होतं. बारीक पात्याची हातकरवत घेऊन तो शीटवर असा चालायचा की खाली पडणारा भुसासुद्धा एका रेषेत पडायचा. मी ऑर्डरी आणायचो, भाव ठरवायचो, भांडायचो. तो हात आणि मी तोंड, असं आमचं वाटप होतं. पंधरा वर्षांत आम्ही त्या फळीवरून अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका भाड्याच्या गाळ्यापर्यंत आलो. लोक म्हणायचे, तोंडानं आणलं. मला मनातून ते पटायचं.

सेंट्रल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दिवसा गुंगी येई, थरथर तशीच राही. लहान अक्षरं आम्ही बाहेर दुसऱ्या कारागिरांकडून कापून घेऊ लागलो. त्यांच्या कडा बघून दादा तोंड फिरवायचा आणि डाव्या हातानं कानस मारत बसायचा. असं फार दिवस चालणार नव्हतं. मुंबईत लेझरनं अक्षरं कापून देतात असं नव्वदीच्या मध्यापासून कानावर येत होतंच. मी ठरवलं, आपणच लेझर मशीन घ्यायचं.

आता लेझर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण भाव करायला वस्तू माहीत असावी लागते असं मी कधी मानलं नाही. विकणारा माणूस ओळखता आला की झालं. हे मला ज्यानं शिकवलं तो आमचा शीटवाला सिंधी शेठ. त्याच्याच दुकानाशेजारच्या फळीवर आम्ही सुरुवात केली होती. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला खेळ मी त्याच्याकडे बघून शिकलो. आधी पूर्ण सामानाचा आकडा विचारायचा. मग एकेक वस्तू काढत जायची, ये निकालो, वो निकालो. प्रत्येक वेळी दुकानदार रडतो, मर जाऊँगा म्हणतो, बायकापोरांची शपथ घालतो. तो रडतोय तोवर कापत राहायचं.

मशीन विकणारा पहिला माणूस ठाण्याहून आला. साठीचा, एका कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर, मराठी. आल्या आल्या तो माझ्याकडे न येता दादाकडे गेला. दादानं कापलेलं एक 'क्ष' उचलून त्यानं उजेडात धरलं आणि त्याची कड बराच वेळ बघत राहिला. मग मला प्रश्न विचारू लागला. विजेचा दाब स्थिर असतो का, धूर बाहेर काढायची सोय काय, गाळ्याचं छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं आहे तर उन्हाळ्यात आत किती तापतं. मला वाटलं, भाव सांगण्याआधी वजन वाढवतोय. शेवटी त्यानं छापील कागद काढला. आकडा बघून मी हसलो आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, हे काढा, ते काढा.

"यातलं काही काढता येणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "काढलंत तर मशीन राहणार नाही, डबडं राहील. खरं सांगू का, हे तुम्हाला आज परवडणारं नाही, आणि जे परवडेल ते टिकणारं नाही. अजून वर्षभर थांबा."

वर्षभर थांबा, हे तो मला सांगत होता, आणि दादाचा हात पाच फुटांवर मांडीखाली दाबून ठेवलेला होता. माझं डोकं फिरलं. आम्ही फळीवरून इथवर आलो ते थांबून नाही आलो, आणि डबडंवाला कुणाला म्हणता, असं बरंच काही मी बोललो. त्यानं चहा अर्धा ठेवला, दादाला नमस्कार केला आणि गेला.

"माणूस बरा होता," दादा म्हणाला.

"माणूस बरा होता, भाव बरा नव्हता."

"भावापेक्षा माणूस बघायला शिकलास ना तू?" दादा म्हणाला.

दुसरा आठवड्याभरात आला. अंधेरीच्या एका ऑफिसचा तरुण एजंट, अंबरनाथच्या उकाड्यातही टाय लावलेला. बॅगेतून त्यानं अ‍ॅक्रिलिकचा एक तुकडा काढला. त्यावर जाळी कापली होती, सुईच्या टोकाएवढी बारीक. दादानं तो डाव्या हातात घेतला आणि अंगठा कडेवरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"याला कानस लावायचीच नाही," तो हळू म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मग मी काय करू?"

"तू खुर्चीत बसून माल तपासायचा."

"यात तपासायचं काय आहे?"

एजंट हसला. मीही हसलो. दादानं तुकडा परत दिला.

हे मशीन वेगळ्या जातीचं होतं. आत काचेची लांब ट्यूब, त्यातून किरण येतो, आणि ती ट्यूब तापू नये म्हणून तिच्याभोवती सतत थंड पाणी फिरवायचं. किंमत पहिल्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. मी कोटेशन पुढ्यात ओढलं, खिशातलं पेन काढलं आणि कामाला लागलो. स्टॅन्ड काढा, स्टॅन्ड आम्ही इथं वेल्डिंग करून घेऊ. धूर ओढायचा पंखा काढा, तो उल्हासनगरला अर्ध्यात मिळतो. तो थोडा कुरकुरला, मी कापत राहिलो. मग एक ओळ आली, पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची, चिलर म्हणतात त्याला. आकडा बघितला तर पूर्ण मशीनच्या पाचव्या हिश्शाएवढा.

"पाणी गार करायला एवढे पैसे?" मी म्हणालो. "आमच्या नळाला एमआयडीसीच्या जांभूळ केंद्राचं पाणी येतं. मुंबईवाल्यांना असलं पाणी प्यायला मिळत नाही."

"म्हणजे पाण्याची व्यवस्था तुमची?" त्यानं विचारलं.

"आमची."

मी ओळीवर रेघ मारली. तो काही बोलला नाही. कुरकुरलाही नाही. त्यानं कागद फिरवून घेतला, रेघेशेजारी माझी सही मागितली, आणि मी मोठ्या ऐटीत सही केली. आनंदनगरच्या कुठल्याही गाळ्यात कुणी एवढा भाव पाडून घेतला नसेल, असं मी घरी येऊन वहिनीला सांगितलं. तिनं विचारलं, करवत कधी सुटणार? मी म्हटलं, महिन्याभरात.

डिसेंबरात मशीन आलं. अक्षरांची फाईल स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याकडून फ्लॉपीवर आणायची, मशीनच्या कॉम्प्युटरला द्यायची, शीट ठेवायची आणि बटण दाबायचं. पाण्यासाठी मी एक निळा ड्रम ठेवला, त्यात कूलरचा पंप टाकला, नळाचं पाणी सतत येत जाईल अशी नळी जोडली. थंडीचे दिवस होते. पाण्यात बोट घातलं तर झिणझिण्या यायच्या. तीन महिने ते मशीन असं चाललं की मी ठाण्याच्या त्या इंजिनियरला पत्र लिहिणार होतो. दादाची करवत मी कापडात गुंडाळून फडताळात ठेवली. तो खरोखरच खुर्चीत बसायचा. अक्षर हातात घ्यायचा, फिरवायचा आणि खाली ठेवायचा. बोलायचा नाही, पण रात्री शांत झोपायला लागला होता. वहिनी मला चहाबरोबर बिस्किटं देऊ लागली होती.

त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहाराचं नवं बांधकाम पुरं झालं. दर्शनी भिंतीवर विहाराचं नाव बसवायचं होतं, दीड दीड फुटाची अक्षरं, भीमजयंतीच्या सकाळी. जुन्या विहारावरची अक्षरंही दादानंच रंगवली होती, नंतर अ‍ॅक्रिलिकची केली तीही त्यानंच, दान म्हणून. कमिटीची माणसं सांगायला आली, तेव्हा दादा म्हणाला, या वेळी मशीननं कापू, चालेल ना? ते म्हणाले, दादा, तुमच्या गाळ्यातून आलं म्हणजे तुमचंच.

मार्च संपता संपता छप्पर तापायला लागलं. पत्र्यावर आमची पाण्याची काळी टाकी होती, ती दुपारी बारानंतर चुलीवर ठेवल्यासारखी व्हायची. नळी तिलाच जोडलेली. मी ड्रममध्ये बर्फाची लादी टाकू लागलो. लादी अर्ध्या तासात विरघळून जायची. आठवड्यातून एकदा एमआयडीसी पाणी बंद ठेवते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. कोटेशनवर रेघ मारताना मात्र ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण त्या वेळी डोक्यात फक्त जिंकणं होतं.

त्या दिवशी पाणी बंद होतं, टाकीही कोरडी होती. बर्फवाल्याकडे बर्फ संपला होता. विहाराची अक्षरं कापायला घेतली होती आणि पहिला 'बु' निम्मा झाला होता. ड्रममधलं तेच ते पाणी फिरत होतं. टिक् असा आवाज आला, बांगडी फुटल्यासारखा. किरण थांबला, आणि मशीनच्या मागून पाणी ठिबकायला लागलं. दादा खुर्चीतून उठला, मशीनपाशी आला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीला गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं आणि पोचल्यावर ते सगळं बोललो, वर आणखी बरंच. एजंटनं मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, फाईल काढली. माझीच रेघ, माझीच सही. नवी ट्यूब परदेशातून येणार, दोन अडीच महिने लागतील. चिलरशिवाय तिची हमी नाही. मी ओरडत होतो आणि तो प्रत्येक वाक्यानंतर मान हलवत होता. भांडायला समोर माणूस लागतो. इथं भिंतही नव्हती. शेवटी मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"सर, मी विचारलं होतं. पाण्याची व्यवस्था तुम्ही घेतली."

आजही मी म्हणतो, त्यानं एक वाक्य बोलायला हवं होतं. ट्यूब फुटेल, एवढे दोनच शब्द. ते दोन शब्द त्यानं विकण्यासाठी गिळले आणि हा अन्याय आहे, कागदावर कुणाची का सही असेना. लोक मला म्हणतात, तूच कापलंस. मी कापतोच. कापणं माझं काम आहे, अडवणं विकणाऱ्याचं.

परत येताना उल्हासनगरला उतरून मी शेठकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"चिलर काटा तब वो रोया?" त्यानं विचारलं.

"नाही."

"और तू काटता गया?" तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला की जणू शीट सरळ आहे की वाकडी ते तपासतोय. "अरे साईं, जहाँ दुकानदार रोना बंद करे, वहाँ हड्डी आ गयी. इतने साल मेरे पास क्या सीखा?"

मी त्याला म्हटलं, टाय लावणारे रडत नाहीत, मला कसं कळणार. तो म्हणाला, इसीलिए मैं उनसे कुछ नहीं लेता.

जयंतीला तेरा दिवस उरले होते. बाकीच्या ऑर्डरी मी बाहेर दिल्या. विहाराची अक्षरंही बाहेर देऊ, चांगला कारागीर बघू, असं मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, मुंबईहून लेझरनं कापून आणतो. मुंबईत दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी एवढी जाड शीट कापत नव्हते, दुसरीकडे महिनाभर काम घेत नव्हते. कमिटीला सांगू की जयंतीनंतर बसवू, असं म्हणालो. दादानं फडताळ उघडलं आणि कापडाची गुंडाळी काढली.

वहिनीला मी त्या संध्याकाळी काहीच सांगितलं नाही. तिनंच दादाच्या बनियनवरचा पांढरा भुसा बघितला. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी तरतो. तिनं फक्त भुसा झटकला आणि बनियन भिजत टाकलं.

दादा एकट्यानं कापू शकत नव्हता. शीट मेजाच्या कडेला बाहेर काढून मी ती दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि त्यानं करवत चालवायची, असं आम्ही ठरवलं. इतक्या वर्षांत मी कधी शीट धरली नव्हती. करवतीचा नेहमीचा कंप असतो, तो सारखा असतो. त्याच्या आत दुसरा कंप होता, अनियमित, अचानक येणारा आणि थांबणारा. शीटमधून तो माझ्या तळहातांत येत होता. भावाचा आजार मी तोवर डोळ्यांनी बघितला होता, आता तो मला धरून ठेवायचा होता आणि धरता येत नव्हता.

"घट्ट धर," तो म्हणायचा.

"धरलंय."

"हलतंय."

"मी नाही हलवत, दादा."

यावर त्यानं करवत थांबवली. मग म्हणाला, "माहीत आहे मला. तरी घट्ट धर."

'बु' झाला. बाकीची सरळ दांड्यांची अक्षरं झाली. 'द्ध' राहिला. आतली दोन पोटं, त्यांच्यातला तो बारीक वळसा, पातं फिरवायला जागा नाही. पहिला मधोमध मोडला. दुसरा वळणावर मोडला. शीट संपली, मी शेठकडून आणखी एक आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला भाव विचारला नाही. तिसऱ्याला दादानं तीन दिवस घेतले. दहा मिनिटं कापायचा, हात मांडीखाली दाबून बसायचा, पुन्हा कापायचा. तो मोडला नाही. पण आतल्या वळशाची कड नागमोडी झाली. ती कानशीनं सरळ करायला गेलो असतो तर अक्षरच बारीक झालं असतं.

जयंतीच्या सकाळी अक्षरं भिंतीवर चढली. खाली निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, लेझीम. जो तो दादाला भेटून म्हणत होता, हात अजून तसाच आहे हां दादा. दादा मान हलवत होता. तो 'द्ध'कडे बघत नव्हता.

जूनमध्ये ट्यूब आली आणि तिच्याबरोबर चिलरही आला, एजंटनं सांगितलेल्या भावात. मशीन सुरू झालं त्या दिवशी दादा म्हणाला, सगळ्यात आधी 'द्ध' काप. चार मिनिटांत कापून झाला. कड काचेसारखी. दादानं त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा तिथं बसव. तो काढून आण."

मी तो कागदात गुंडाळून कमिटीकडे गेलो. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. कमिटीतल्या ज्येष्ठ बाईंनी कागद उघडला, बघितला आणि परत गुंडाळला. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण वरचा दादांच्या हातचा आहे. तो काढायचा नाही."

मी सांगितलं, तो वाकडा आहे. त्या म्हणाल्या, असू दे. मी सांगितलं, दादाचीच इच्छा आहे. त्या म्हणाल्या, दादा असंच म्हणणार, मोठा माणूस आहे. मी दुरुस्तीचं कारण काढलं, पावसाचं काढलं, नवीन पूर्ण संच फुकट करून देतो म्हणालो. कधी नव्हे तो आवाज खाली घेऊन बोललो. त्या हसत होत्या आणि प्रेमानं नाही म्हणत होत्या. त्यांना माझ्याकडून काही नको होतं. ज्याला काही नको असतं त्याच्याशी भाव कसा करायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी मी अक्षर घेऊन घरी आलो. दादा गॅलरीत बसला होता. वहिनी आत होती, पण ऐकत होती.

"नाही म्हणाले," मी सांगितलं.

"नीट बोललास का?"

"बोललो."

"साऱ्या जगाशी भाव करतोस," दादा म्हणाला, "माझं एवढं एक काम झालं नाही तुझ्याच्यानं?"

तो चेष्टेत बोलला असावा असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. विहाराच्या त्या भिंतीसमोरून रोज सकाळी तो स्टेशनला जायचा. त्यानंतर तो मागच्या गल्लीतून जाऊ लागला.